चोवीस जास्तीच्या मुली

"चौसष्ट," कन्नाके बाई म्हणाल्या. "हजेरी समोर आहे. विश्वास नसेल तर मोजून घे."

विश्वास नव्हता. मी मोजून घेतल्या. आश्रमशाळेच्या त्या लांबट हजेरीपटावर बोट फिरवत मी दोनदा मोजलं आणि दोन्ही वेळा चौसष्टच आल्या. मग मी पिशवीतून आमचं रक्ततपासणीचं रजिस्टर काढलं. त्यात दोघांच्या हातचे आकडे होते, माझे आणि माझ्या वर्गातल्या कौस्तुभ देशकरचे. शेवटच्या ओळीचा नंबर होता अठ्ठ्याऐंशी.

"बाई, तुमच्या आजारी खोलीत किती मुली असतात?"

"आज दोन आहेत. एकीला गालफुगी, एकीला नुसता कंटाळा."

"आणि मागच्या दोन रविवारी?"

"तेवढ्याच असतील. चोवीस पोरी एकदम आजारी पडल्या असत्या तर माझी बदली नसती झाली?" बाई हसल्या आणि हजेरीपट मिटून कपाटात ठेवून आल्या. मी हसले नाही.

कारण मला सांगितलं होतं वेगळंच. व्हरांड्यात सिस्टर मुलींचं रक्त काढत होती, प्रत्येक मुलगी आपल्या नंबराची छोटी बाटली हातात धरून आमच्या टेबलापाशी येत होती. ते ठीक होतं. पण अधूनमधून मागच्या खोलीतून बाटल्यांचा एक खोका यायचा. त्या बाटल्यांवर नंबर असायचे, सोबत मुलगी नसायची. आमच्या गाइड डॉ. अलोणी मॅडम म्हणायच्या, या आजारी खोलीतल्या मुली आहेत, त्यांना चालवत नाही. मी तीन रविवार ते ऐकून घेतलं आणि गुमान वाचत राहिले.

म्हणजे चोवीस मुली जास्तीच्या होत्या. त्यांना नंबर होता, रक्त होतं, आणि त्या शाळेत कुठेच नव्हत्या.

मी तेव्हा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होते. विद्यार्थ्यांना संशोधनाची ओळख व्हावी म्हणून एक सरकारी योजना आली होती. दोन महिने एका प्राध्यापकाच्या हाताखाली काम करायचं, शेवटी अहवाल लिहायचा. ज्याचा अहवाल चांगला, त्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत हैदराबादच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत आठ आठवडे शिकायला मिळणार होतं. कॉलेजमागे जागा एकच. ती मला हवी होती. वर्गातल्या बाकीच्यांना सर्जन व्हायचं होतं, कोणाला बापाचं हॉस्पिटल चालवायचं होतं. मला फक्त कळून घ्यायचं होतं की पुस्तकातला आकडा पुस्तकात येतो कुठून. कोण मोजतं, कसं मोजतं, आणि ते खरं कशावरून.

आमचा प्रश्न साधा होता. शाळेतल्या अर्ध्या मुलींना कन्नाके बाई दर सोमवारी समोर उभं करून लोहाची गोळी गिळायला लावत होत्या. बाकीच्या अर्ध्यांना गोळ्यांची पुडी हातात दिली होती, घ्या तुमच्या तुम्ही. गोळ्या आम्ही येण्याआधीच सुरू झाल्या होत्या; तीन महिन्यांनी दोन्ही गटांच्या रक्तात फरक पडतो का, एवढं बघायचं. कोणती मुलगी कोणत्या गटातली ते मॅडमनी आम्हाला सांगितलं नव्हतं. यादी एका खाकी पाकिटात, पाकीट त्यांच्या टेबलाच्या खणात. मी पहिल्या दिवशीच विचारलं होतं, आम्हाला का नाही दाखवत? त्या म्हणाल्या, "कारण तुम्ही वाचणार आहात." हे काय उत्तर झालं?

मोजायची पद्धत जुनी होती. रक्ताचा एक ठरलेला थेंब नळीतल्या आम्लात सोडायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. रक्त तपकिरी होतं. मग थेंब थेंब पाणी घालत जायचं, शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत. जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा, तेवढं हिमोग्लोबिन. जितकं पाणी जास्त मावलं तितका आकडा मोठा. यंत्र नाही, वीज नाही, सगळा भरवसा डोळ्यावर. माझा डोळा वर्गात सगळ्यात चांगला होता. हे मी फुशारकीने सांगत नाही, पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला मला सगळ्यात जास्त मार्क होते.

परतताना जीपमध्ये मी कौस्तुभला चोवीस मुलींचं सांगितलं. कौस्तुभ गावातल्या मोठ्या सर्जनचा मुलगा. आमच्या विभागप्रमुखांचं, खानझोडे सरांचं, त्याच्या घरी येणं-जाणं. मागच्या खोलीतला खोका उचलून आणायला मॅडम नेहमी त्यालाच सांगायच्या. त्याला ऐकून धक्का बसेल असं मला वाटलं होतं. त्याने खिडकीबाहेर बघत विचारलं, "गेडाम, तुला डॉक्टर व्हायचंय की पोलीस?"

मी म्हटलं, मुली बनावट आहेत.

"असतील. नंबर जास्त दिसले की काम मोठं दिसतं. मोठी माणसं करतात असं. तुझ्या आकड्यांना कोणी हात लावला का? नाही ना? मग."

हॉस्टेलवर सीनियर मुलींनी आधीच बजावलं होतं की गाइड लोक पोरांकडून राबवून घेतात आणि परिषदेत स्वतःच्या नावावर वाचून दाखवतात. म्हणजे हे तेच होतं. आणि उद्या पकडलं गेलं तर रजिस्टरवर हस्ताक्षर कोणाचं? माझं. अलोणी आणि देशकर, ही आडनावं वाचता येत होती मला. गेडामचं काय होणार तेही वाचता येत होतं.

माझे बाबा आमच्या कॉलेजच्याच हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते. दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुष वॉर्डाच्या मागच्या पायरीवर त्यांचा डबा चालला होता, तिथे जाऊन मी सगळं सांगितलं. त्यांनी भाकरी मोडायची थांबवली नाही.

"वीस वर्षं झाली, मी यांच्या सह्या घेऊन फिरतो," ते म्हणाले. "सही करणाराचा हात कधी अडकत नाही पोरी. कागद नेणाराचा अडकते. तू त्या कागदाजवळून सरक."

मी सरकले नाही. मी डीनच्या नावाने अर्ज लिहिला. एक पान, नावानिशी, तारखांनिशी. आणि तो घेऊन आधी अलोणी मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, शाळेत चौसष्ट मुली आहेत."

"हो."

"आपल्याकडे अठ्ठ्याऐंशी आहेत."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. पन्नाशीची, किडकिडीत बाई. चष्मा डोक्यावर. "कधी मोजल्यास?"

"रविवारी."

"तीन आठवडे लागले तुला. बस."

मी बसले नाही. म्हटलं, हा अर्ज डीनसाहेबांना देणार आहे, त्याआधी तुमचा चेहरा बघायचा होता. असं बोलले मी, एकोणीस वर्षांची, वॉर्डबॉयची मुलगी. आजही त्याची लाज वाटत नाही.

मॅडमनी खण उघडून खाकी पाकीट काढलं आणि आतली यादी माझ्यापुढे सरकवली. मुलींची नावं होती, पुढे गट. चोवीस नावांपुढे एकाऐवजी दोन नंबर होते.

"जास्तीची एकही नाही," त्या म्हणाल्या. "एका मुलीचं रक्त दोन बाटल्यांत. एक बाटली ती स्वतः घेऊन तुझ्यापुढे आली. दुसरी मागच्या खोलीतून आली. बारा मुली तुझ्या, बारा देशकरच्या."

"म्हणजे आजारी खोलीचं तुम्ही खोटं सांगितलं."

"सांगितलं."

"आम्ही चोर आहोत का ते बघायला?"

"डोळा कसा आहे ते बघायला. आधी सांगितलं असतं तर तुम्ही जपून वाचलं असतं. आता बसतेस का?"

मी बसले. त्यांनी माझे बारा जोड लिहून ठेवले होते. चौदा नंबर आणि एक्कावन्न नंबर, मुलगी एकच. पहिल्यांदा मी लिहिलं होतं ७.८. दुसऱ्यांदा ९.६. पुढचा जोड, ११.४ आणि ९.८. त्यापुढचा, ८ आणि ९.५. बारातले नऊ असे. तेच रक्त, तीच नळी, तोच माझा डोळा.

मी भांडले. सिस्टरने बाटली नीट हलवली नसेल. मागच्या खोलीतलं रक्त उशिरा आलं असेल. दुपारचा उजेड बदलला असेल. मॅडम शांतपणे ऐकून घेत होत्या आणि ते मला सगळ्यात जास्त लागत होतं.

"असेल," त्या म्हणाल्या. "उशीर झाला असेल तर दुसरा आकडा दर वेळी एकाच बाजूला सरकायला हवा. सरकतो का बघ."

नव्हता सरकत. कधी वर, कधी खाली. मला वाटलं सुटले. मग माझी नजर नावांवर गेली. चौदा नंबर, सुकमी पेंदाम. काटकीसारखे हात, पांढरे ओठ. टेबलापाशी आली तेव्हा मी तिची खालची पापणी बोटाने ओढून बघितली होती. नुकतंच शिकलो होतो आम्ही ते, पापणीच्या आतला रंग फिका असला की रक्त कमी. वॉर्डात सगळे तसंच करतात. मी प्रत्येक मुलीची पापणी बघत होते आणि मनात म्हणत होते, ही सात-आठ, ही अकरा. मग नळी उचलत होते.

पुढचं नाव बघितलं, त्याच्या पुढचं. मुलगी समोर असताना वर गेलेले आकडे गुटगुटीत, खिदळणाऱ्या मुलींचे होते. खाली गेलेले रोडक्यांचे. सुकमीच्या नळीत रंग अजून जुळायचा होता आणि मी पाणी घालायची थांबले होते. कारण आठ माझ्या डोक्यात आधीच लिहून झाले होते.

पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला आम्हा सगळ्यांचं हिमोग्लोबिन चौदा यायचं. मेसच्या जेवणावर जगणाऱ्या मुलींचं चौदा. परीक्षकाला चौदा आवडतं हे पहिल्याच आठवड्यात कळायचं, मग नळी बारा दाखवत असली तरी आणखी चार थेंब पाणी. त्याला कोणी खोटं म्हणत नव्हतं. त्याला हात बसणं म्हणायचे. माझा हात सगळ्यात चांगला बसला होता, म्हणून सगळ्यात जास्त मार्क.

"मी रक्त वाचलंच नाही," मी म्हणाले. "मी मुली वाचल्या."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. कौतुक नाही, दया नाही. "आता हे बघ," म्हणून त्यांनी दुसरा कागद ठेवला. तो कौस्तुभचा होता. बारा जोड, आणि बाराही जुळलेले. ९.२ ला ९.२. १०.६ ला १०.६. दशांशसुद्धा हलला नव्हता. त्याखाली तिसरा कागद, मॅडमचे स्वतःचे बारा जोड, मागच्या महिन्यातले. त्यांचे नंबर कन्नाके बाईंनी घातले होते, मॅडमना ठाऊक नव्हते. कुठे अर्ध्याचा फरक, कुठे सात दशांशाचा.

"तीस वर्षं मी ही नळी वाचतेय," त्या म्हणाल्या.

मला एका क्षणात कळलं. "त्याने यादी पाहिली. खोका तोच आणायचा, यादी तिथेच असणार. तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे की बारातले बारा जुळले."

"आणि तुम्ही गप्प आहात."

त्यांनी तिन्ही कागद एकावर एक नीट ठेवले. म्हणाल्या, शुक्रवारी अहवाल द्यायचा आहे, तुझी चूक तुझ्या शब्दांत त्यात लिही.

तिथून बाहेर पडले तेव्हा माझा डीनचा अर्ज हातातच होता. पण संशय गेला नव्हता, उलट आता त्याला धार आली होती. वा. म्हणजे माझ्या हस्ताक्षरात माझा कबुलीजबाब हवा. तो खानझोडे सरांपुढे ठेवायचा, आणि बारापैकी बारा जुळवणाऱ्या पोराला हैदराबादला धाडायचं. न लिहिता गप्प राहिले असते तर? मी आकडेमोड करून बघितली होती. माझ्या आकड्यांवरून गोळीचा फरक झकास दिसत होता. सोमवारी बाईंसमोर गोळी गिळणाऱ्या मुली रविवारी आमच्या रांगेतही हसायच्या, तरतरीत दिसायच्या, आणि मी त्यांना भरभरून पाणी घातलं होतं. असा अहवाल कोणालाही आवडला असता. जागा माझी होती.

गुरुवारी बसून सगळं लिहिलं. मी पापणी बघून आकडे लिहिले, बारातले नऊ जोड जुळले नाहीत, म्हणून माझ्या वाट्याच्या बत्तीस मुलींवरून काढलेला निष्कर्ष धरू नये. आणि मला एकटीला बुडायचं नव्हतं. म्हणून पुढे लिहिलं, कौस्तुभ देशकर याने यादी पाहिली म्हणून त्याचे आकडे जुळले, आणि मार्गदर्शकांना हे ठाऊक असून त्या गप्प आहेत. आता कर सही, मी मनात म्हटलं.

मॅडमनी उभ्यानेच वाचलं. एक ओळ दोनदा वाचली.

"'यादी पाहिली.' तू बघितलंस त्याला यादी पाहताना?"

"नाही."

"मग ते तुला माहीत नाही. तुला जे माहीत आहे ते याच्याहून वाईट आहे. ते लिही."

मी काय ते समजले. ओळ खोडली आणि तिथेच लिहिलं, देशकर यांचे बारापैकी बारा जोड दशांशापर्यंत जुळतात. याच पद्धतीने तीस वर्षं काम केलेल्या मार्गदर्शकांचा एकही जोड जुळत नाही. खाली तिन्ही रकाने मांडले, माझा, त्याचा, त्यांचा. वाचणाऱ्याने काय समजायचं ते समजावं.

"आणि मार्गदर्शक गप्प आहेत, ती ओळ?" मी विचारलं. मला वाटलं आता ती काढायला सांगतील.

"ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "राहू दे." आणि सही केली.

जागा कौस्तुभला मिळाली. त्याचा अहवाल वेगळा होता, नीटनेटका, संगणकावर छापलेला, त्यावर सही थेट खानझोडे सरांची. मला बोलावून सर म्हणाले की तुझी भाषा चांगली आहे, पण डोळा कच्चा आहे, हे तूच कबूल केलं आहेस. तिन्ही रकान्यांचं पान फाइलला लागलं. अलोणी मॅडम माझ्यासाठी भांडल्या की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. आज बावीस वर्षांनीही माझं मन सांगतं की भांडल्या असतील, आणि मी त्या मनाला गप्प बसवते. बघितलं नाही ते माहीत नाही.

निकालाच्या दिवशी मात्र मी रजिस्टर त्यांच्या टेबलावर आपटायला गेले होते. त्या म्हणाल्या, "रविवारी सिस्टर येणार आहे. चौसष्ट मुली पुन्हा. तू फळ्याच्या मागे बसायचं, बाटल्या वरून येतील."

"आता कशाला? जागा गेली."

"जागा गेली. पण त्या मुलींच्या रक्तात किती आहे ते अजून कोणालाच माहीत नाही."

"प्रमाणपत्र मिळेल?"

"नाही."

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "फुकटात राबवून रायली तुले." मी हो म्हटलं. तरी गेले. राग होता म्हणून गेले. या वेळी माझ्यानंतर त्याच बाटल्या त्याही वाचणार होत्या, आणि मला त्यांना चुकताना पकडायचं होतं.

सातवीच्या वर्गात तीन पायांचा जुना फळा आडवा लावला होता. मी त्याच्या मागे नळी, पाणी आणि घड्याळ घेऊन बसले. मॅडम फळ्यावरून हात घालून बाटली द्यायच्या, मी नंबर लिहायची. मुली पलीकडून जात होत्या. पाचव्या-सहाव्या बाटलीला माझ्या लक्षात आलं की फळ्याच्या खालून त्यांचे पाय दिसतात. भेगाळलेल्या टाचा, काळवंडलेले घोटे, एकीच्या पायात पैंजण. आणि मी पुन्हा मनात म्हणत होते, ही आठ, ही दहा. नळी अजून उचललीही नव्हती.

मी उठले आणि स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले.

दुपारी कधीतरी मागे कोणीतरी उभं राहिल्याचं जाणवलं. एक मुलगी फळ्याला वळसा घालून आत आली होती. मॅडम तिकडे सिस्टरशी बोलत होत्या.

"ताई, तुम्हाले आमचा राग आला का?"

"नाही. का गं?"

"मागच्या टायमाले तुम्ही माझा डोळा पाहिला होता. आता पाहूनच नाही रायल्या."

माझ्या हातातल्या नळीत रंग जुळत आला होता. मी आणखी एक थेंब घातला, काचेच्या काडीने ढवळलं, उजेडाकडे धरलं. अजून एक. जुळला.

"तुझा नंबर काय?"

"एकतीस. तुमच्या हातात आहे तोच."

मी एकतीसपुढे १०.१ लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग वळून तिच्याकडे बघितलं. वर्षा कोडापे. खोबणीत गेलेले डोळे, मानेची हाडं वर आलेली. मी सात म्हटलं असतं.